दुर्मीळ नाणे उघड्या हाताने कसे धरावे

माझ्या संग्रहात पंचम जॉर्जच्या काळातला, १९३६ सालचा एक पाव आणा आहे. कांस्याचे हे नाणे माझ्याकडे आले तेव्हा ते चलनात फिरलेलेच नव्हते आणि टाकसाळीतली मूळ तांबूस झळाळी त्याच्या दोन्ही बाजूंवर जशीच्या तशी होती. मे महिन्यातल्या एका दुपारी, कूलर सुरू असलेल्या खोलीत, एका स्नेह्याला दाखवण्यासाठी मी ते पाकिटातून काढले, अंगठा आणि तर्जनी यांच्यात चपटे धरले, दोन मिनिटे त्यावर बोललो आणि परत ठेवून दिले. त्या वेळी नाण्यावर काहीही दिसत नव्हते. दिवाळीच्या आवराआवरीत पाकीट पुन्हा उघडले, तेव्हा राजाच्या गालापासून मुकुटापर्यंत गडद तपकिरी रंगात माझ्या अंगठ्याचा ठसा उमटलेला होता. भिंगाखाली त्यातल्या रेषा एकेक करून मोजता येतात. तो ठसा आता निघणार नाही, कारण तो नाण्यावर बसलेला मळ नसून खुद्द धातूच्या पृष्ठभागात झालेला बदल आहे.

हा प्रसंग ऐकला की बहुतेक जण म्हणतात, दुर्मीळ नाण्याला उघडा हात लावूच नये. मला ते पटत नाही. माझी चूक हात उघडा असण्यात नव्हती. घामेजलेली बोटे नाण्याच्या तोंडावर, म्हणजे त्याच्या चपट्या बाजूवर, टेकवली, ही ती चूक होती. स्वच्छ आणि कोरड्या बोटांनी केवळ कडेला धरलेले नाणे कित्येकदा हातमोज्यात धरलेल्या नाण्यापेक्षा अधिक सुरक्षित असते. मात्र त्यासाठी थोडी पूर्वतयारी आणि बरीचशी सवय लागते.

हातमोज्यांचा प्रश्न

पांढरे सुती हातमोजे दिसायला रुबाबदार असतात आणि छायाचित्रांत शोभतातही, पण नाणे धरण्यासाठी मला ते गैरसोयीचे वाटतात. सुती कापडातून बोटांना नाण्याची कड नीट जाणवत नाही, पकड सैल होते आणि नाणे निसटून फरशीवर पडण्याचा धोका वाढतो. शाहाबादी फरशीवर कडेवर आपटलेल्या चांदीच्या रुपयाला पडणारा पोचा हा बोटाच्या ठशापेक्षा कितीतरी मोठा दोष असतो आणि त्यावर कोणताही इलाज नाही. शिवाय कापडाच्या विणीत अडकलेले धुळीचे कण नाण्याच्या गुळगुळीत भागावर बारीक ओरखडे उठवतात, आणि एकदा घामाने ओलसर झालेला सुती मोजा घाम अडवण्याऐवजी तो नाण्यापर्यंत पोहोचवू लागतो.

हातमोजा वापरायचाच असेल तर तो नायट्राइलचा, म्हणजे कृत्रिम रबराचा, आतून पावडर नसलेला आणि बोटांना घट्ट बसणारा असावा. लॅटेक्सचे, म्हणजे नैसर्गिक रबराचे, मोजे चांदीच्या नाण्यांसाठी टाळावेत. रबर पक्के करताना त्यात गंधक मिसळतात आणि गंधक हे चांदी काळी पाडणारे मुख्य द्रव्य आहे. नोटांच्या गड्ड्यांना लावतो ते रबरबँडही याच कारणाने चांदीच्या रुपयांच्या गठ्ठ्याला लावू नये. आजोबांनी रबरबँड लावून पेटीत ठेवलेले रुपये नातवाच्या हाती येतात तेव्हा प्रत्येकाच्या कडेवर काळा पट्टा दिसतो, तो त्यामुळेच.

ज्यांच्या तळहातांना सतत घाम येतो त्यांनी वर्षभर नायट्राइलचे मोजे वापरावेत. शिशाच्या नाण्यांसाठी मात्र ते सर्वांनीच वापरावेत. त्याचे कारण पुढे येईल.

बोट लागल्याने नेमके काय बिघडते

घामात पाणी वजा केल्यावर मीठ, लॅक्टिक आम्ल आणि युरिया अशी द्रव्ये उरतात, आणि चेहऱ्याला किंवा केसांना हात लागला की त्यात त्वचेचे तेलही मिसळते. हे मिश्रण अगदी पातळ थराने नाण्यावर बसते आणि सुरुवातीला दिसत नाही. मिठातला क्लोराइडचा अंश हवेतली ओल धरून ठेवतो, ती ओल धातूवर काम करू लागते, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी बोटाच्या रेषांचाच नकाशा नाण्यावर उमटतो. म्हणूनच मेमध्ये लागलेले बोट पावसाळ्यानंतर दिसते.

हे नुकसान सर्व नाण्यांवर सारखे होत नाही. न वापरलेल्या नाण्याची झळाळी म्हणजे वरून चढवलेली चकाकी नसते. साच्याचा प्रचंड दाब पडताना धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. नाणे दिव्याखाली हळूच कलते केले की प्रकाशाचा पट्टा त्या रेषांवरून चाकाच्या आऱ्यासारखा फिरताना दिसतो. त्या रेषा इतक्या उथळ असतात की मऊ फडक्याच्या एका पुसण्यानेही त्या मोडतात. याउलट शंभर-दीडशे वर्षे बाजारात फिरलेल्या शिवराईला, म्हणजे शिवछत्रपतींच्या नावाच्या तांब्याच्या नाण्याला, हजारो हात लागून गेलेले असतात आणि तिच्यावर चढलेला गडद राप हाच तिचा संरक्षक थर असतो. त्या शिवराईला स्वच्छ हाताने कडेला धरल्याने काहीही बिघडत नाही. तेव्हा नाणे हातात घेण्यापूर्वी त्याच्यावर मूळ झळाळी शिल्लक आहे की नाही, हे पाकिटातूनच पाहून घ्यावे. जितकी झळाळी जास्त तितका हात दूर.

धातूचाही विचार करावा लागतो. तांबे आणि कांस्य सर्वांत हळवे. त्यांच्या तांबूस पृष्ठभागावर लागलेले बोट जवळपास हमखास उमटते. चांदी त्या मानाने सोशिक असली तरी आरशासारख्या गुळगुळीत केलेल्या प्रूफ नाण्यांवर तिचाही भरवसा धरू नये. १८३५ पासून पुढे कंपनी सरकारच्या आणि नंतर राणीच्या रुपयात अकरा-बारांश, म्हणजे ९१.६७ टक्के चांदी होती आणि वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम होते. १९४० पासून चांदीचे प्रमाण ५० टक्क्यांवर आले आणि तांब्यासह इतर धातू वाढले. म्हणून सहाव्या जॉर्जचे नंतरचे रुपये आधीच्या रुपयांपेक्षा लवकर डागाळतात. सोन्यावर घामाचा परिणाम सहसा होत नाही, पण सोने मऊ असते आणि मोहरेवर नखाच्या टोकाने नव्हे तरी अंगठीच्या कडेने सहज ओरखडा उठतो. निकेलविषयी फार काळजी करण्याचे कारण नाही.

हात तयार करणे

हात साध्या साबणाने, बोटांच्या पेरांकडे आणि नखांखाली विशेष लक्ष देऊन धुवावेत, भरपूर पाण्याने साबण पूर्ण काढावा आणि तंतू न सुटणाऱ्या स्वच्छ टॉवेलने कोरडे करावेत. हात धुतल्याधुतल्या नाण्याकडे वळू नये. चार-पाच मिनिटे थांबावे, कारण टॉवेलने पुसलेल्या बोटांवरही थोडी ओल राहतेच. सॅनिटायझर हा हात धुण्याला पर्याय नाही. त्यातले अल्कोहोल उडून जाते, पण त्वचा कोरडी पडू नये म्हणून घातलेले ग्लिसरीन बोटांवर राहते. त्याच न्यायाने हिवाळ्यात कोल्ड क्रीम किंवा खोबरेल तेल लावलेल्या हातांनी नाण्यांच्या वाटेला जाऊ नये.

नागपुरात राहणाऱ्यांनी आणखी दोन-तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात, ज्या इतर ठिकाणच्या मार्गदर्शकांत सापडणार नाहीत. पहिली म्हणजे संत्रे. हिवाळ्यात दुपारी उन्हात बसून संत्री सोलणे हा आपल्याकडचा नित्यक्रम, पण सालीतले तेल आणि रसातले सायट्रिक आम्ल नखांच्या कडेला बराच वेळ टिकते आणि एकदा हात धुतल्याने ते पूर्णपणे जात नाही. ज्या दिवशी संत्री सोलली त्या दिवशी तांब्याची नाणी काढू नयेत, असा मी स्वतःपुरता नियम केला आहे. तर्रीपोह्यांविषयी वेगळे सांगायला नको. सकाळी ठेल्यावर जाऊन आल्यावर कागदी रुमालाला पुसलेले हात स्वच्छ झाले असे फक्त आपल्यालाच वाटते.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना दुपारी कोणाचेही हात कोरडे राहत नाहीत, आणि घरोघरी चालणारा कूलर हवा थंड करतो तो ती दमट करूनच. वाळ्याच्या ताट्यांतून येणाऱ्या हवेबरोबर कधीकधी पाण्याचे बारीक तुषारही येतात, आणि ते पाणी क्षारयुक्त असेल तर नाण्यावर वाळलेला प्रत्येक थेंब पांढरा डाग ठेवून जातो. एप्रिल ते जून या काळात नाणी पाहायची असतील तर सकाळी सहा-सातच्या सुमारास, कूलर सुरू करण्यापूर्वी पाहावीत. वातानुकूलित खोली असेल तर उत्तमच, मात्र तिथून काढलेले थंड नाणे पावसाळ्यात एकदम बाहेरच्या दमट हवेत नेले की त्यावर दव धरते, हेही विसरू नये.

अंगठी, घड्याळ, कडे काढून ठेवावे. काचेच्या बांगड्या काढायच्या नसतील तर कोपराकडे सरकवून वर रुमाल बांधावा. शर्टाच्या खिशातले पेन आणि गळ्यातला चष्म्याचा गोफ हे दोघेही वाकताना नाण्यावर येऊन आदळतात.

टेबल आणि उजेड

नाणे नेहमी टेबलावर बसून पाहावे, उभ्याने कधीही पाहू नये. टेबलावर दुपटे किंवा जाडसर स्वच्छ टॉवेल दुहेरी घडी घालून पसरावा आणि त्यावर धुतलेले, कांजी न केलेले पांढरे सुती कापड घालावे. नाणे हातातून सुटलेच तर ते चार बोटांच्या उंचीवरून मऊ जागेवर पडले पाहिजे, एवढाच यामागचा हेतू आहे. म्हणून नाणे कापडापासून फार उंच उचलण्याचे कारणच नाही, डोके खाली न्यावे. कापडावर एका वेळी एकच नाणे असावे. दोन नाणी शेजारी ठेवली की ती एकमेकांवर घसरतात आणि एका रुपयाची दातेरी कड दुसऱ्याच्या गालावर ओळ उठवते.

उजेड वरून सगळीकडे पसरलेला नको, एका बाजूने तिरका येणारा एकच दिवा हवा. पाच ते दहा पटींचे भिंग पुरते. तोंडाने मात्र बोलू नये. बोलताना उडणारा थुंकीचा अदृश्य कण नाण्यावर पडला तर काही महिन्यांनी तिथे गोल काळा ठिपका तयार होतो, आणि हा दोष बोटाच्या ठशाहूनही अधिक नाण्यांवर मी पाहिला आहे. आपल्याकडे नाणे दाखवणे म्हणजे त्यावर भरभरून बोलणे, त्यामुळे हा नियम पाळणे सर्वांत जड जाते. बोलायचेच असेल तर नाणे खाली ठेवून मान वळवून बोलावे, किंवा सरळ मास्क लावावा.

प्रत्यक्ष पकड

कापडावर चपट्या पडलेल्या नाण्याला नखाने उचकटू नये आणि कडेपर्यंत ओढतही नेऊ नये. डाव्या हाताच्या बोटाने नाण्याच्या अगदी जवळचे कापड हळूच दाबावे. खालची घडी मऊ असल्याने नाणे त्या बाजूला कलते आणि पलीकडची कड वर उचलली जाते. ती कड उजव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या पेरांमध्ये घ्यावी. पेरांचा मऊ भाग फक्त कडेच्या जाडीला टेकलेला असावा आणि बोटांची टोके नाण्याच्या कोणत्याही तोंडावर आलेली नसावीत. रुपयाएवढ्या नाण्याला मधल्या बोटाचा खालून आधार देता येतो, पण तोही कडेलाच. पकड घट्ट नको. नाणे आपल्या वजनाने निसटणार नाही इतकाच दाब पुरेसा असतो, आणि तो किती हे आठ-दहा वेळा केल्यावर बोटांना आपोआप कळते.

मागची बाजू पाहण्यासाठी नाणे दोन बोटांत गरगर फिरवू नये. घड्याळाच्या तबकडीवर तीन आणि नऊ जिथे असतात त्या दोन ठिकाणी दोन्ही हातांच्या पेरांनी धरावे आणि मनगटे वळवावीत. कडेवर अक्षरे किंवा सुरक्षारेषा असलेल्या नाण्यांची कडही पाहण्याजोगी असते, तेव्हा अशी नाणी एकाच जागी वारंवार धरू नयेत.

अगदी लहान नाण्यांना ही रीत लागू पडत नाही. दक्षिणेकडचा सोन्याचा फनम जेमतेम सहा-सात मिलिमीटरचा असतो; त्याची कड बोटात येतच नाही, बोट तोंडावरच बसते. त्याच्याखाली कडक कागदाची चिठ्ठी सरकवावी आणि चिठ्ठीसकट उचलावे. धातूचा चिमटा सोन्याला कधीही लावू नये. टोकांना प्लास्टिकचे आवरण असलेला चिमटा चालतो, पण त्यात धरलेले नाणे टिचकी मारल्यासारखे उडून जाते, हे ज्याने एकदा अनुभवले तो पुन्हा कागदाकडेच वळतो.

दुसऱ्याला नाणे हातातून हातात देऊ नये. आपण ते कापडावर ठेवावे, हात काढून घ्यावा आणि मग समोरच्याने उचलावे. दोघांनी एकाच वेळी धरलेले नाणे हमखास पडते, कारण दुसऱ्याने धरले असे पहिल्याला वाटते. वडीलधाऱ्या पाहुण्यांना हे सांगताना संकोच होतो, पण नाणे ठेवलेले तबकच त्यांच्यापुढे सरकवले तर शब्दांची गरज पडत नाही. लहान मुलांसाठी चलनातले दहा रुपयांचे नाणे वेगळे काढून ठेवावे आणि आधी त्यावर सवय करू द्यावी. मोठ्यांनीही पहिली उजळणी त्याच नाण्यावर केली तर त्यात कमीपणा नाही.

पाकिटातून काढताना आणि ठेवताना

हात कितीही शिकलेला असला तरी बरेचसे ओरखडे पाकिटातून नाणे काढतानाच पडतात. पुठ्ठ्याच्या चौकोनी घड्या, ज्यांच्या मधल्या गोल खिडकीला पारदर्शक पडदा असतो, त्या पिनांनी बंद केलेल्या असतात. अशी घडी उघडताना पिना एकेक करून पूर्ण काढाव्यात आणि मगच घडी उकलावी. घाईने घडी फाडली की पिनेचे टोक नाण्यावरून ओढले जाते. प्लास्टिकच्या खिशातून नाणे बोटाने उकरून काढू नये. खिशाच्या दोन्ही कडा दाबून त्याचे तोंड उघडावे आणि नाणे कापडावर अलगद ओतावे.

बाजारात मिळणारी मऊ, लवचीक पाकिटे बहुधा पीव्हीसीची असतात. त्यांना मऊ ठेवण्यासाठी घातलेले द्रव्य उष्णतेने सुटू लागते आणि नाण्यावर हिरवट, चिकट थर बसतो. नागपूरच्या उन्हाळ्यात बंद लोखंडी कपाटात ही क्रिया किती वेगाने होत असेल, याचा अंदाज कोणालाही करता येईल. पाकीट मायलरचे, म्हणजे पॉलिएस्टरचे घ्यावे. ते थोडे कडक असते आणि दाबल्यावर खडखडते.

कपाटात नाण्यांच्या शेजारी डांबराच्या गोळ्या, कापूर, लोकरीचे कपडे आणि वर्तमानपत्राचे कागद ठेवू नयेत. नव्या प्लायवूडच्या खणांतून आणि ताज्या वार्निशमधून आम्लयुक्त वाफ बाहेर पडत राहते, तेव्हा हौसेने करून घेतलेले लाकडी कपाट वर्षभर तरी रिकामे राहू द्यावे. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि जूनच्या मध्यापासून त्यांच्याकडे दर पंधरवड्याला पाहावे. रंग बदलला की त्या तापवून पुन्हा वापरता येतात.

चुकून बोट लागले तर

पहिली प्रतिक्रिया असते ती रुमालाने किंवा शर्टाच्या टोकाने पुसण्याची, आणि तीच सर्वांत घातक. पुसल्याने घाम निघत नाही, पसरतो. शिवाय कापडाने झळाळीच्या रेषा मोडतात, म्हणजे एका दोषाचे दोन होतात. बोट नुकतेच लागले असेल तर शुद्ध ॲसिटोनचा उपयोग होतो. काचेच्या लहान भांड्यात नाणे बुडेल एवढे ॲसिटोन घ्यावे, नाणे कडेला धरून त्यात अलगद सोडावे, काही मिनिटांनी दुसऱ्या भांड्यातल्या ताज्या ॲसिटोनमध्ये एकदा बुडवून काढावे आणि कापडावर आपोआप वाळू द्यावे. चोळायचे नाही, फुंकर घालायची नाही. ॲसिटोन त्वचेचे तेल विरघळवून नेते आणि धातूला हात लावत नाही. घामातले मीठ मात्र त्यात विरघळत नाही, म्हणून मध्ये डिस्टिल्ड पाण्याची एक बुडी देऊन पुन्हा ॲसिटोनमध्ये काढणे श्रेयस्कर. नेलपॉलिश काढण्याच्या द्रवात सुगंध, रंग आणि तेल असते, तो वापरू नये. ॲसिटोन झटकन पेट घेते, त्यामुळे खिडकी उघडी असावी आणि आसपास गॅस, समई किंवा उदबत्ती नसावी. प्लास्टिकची वाटी वापरू नये, कारण अनेक प्रकारचे प्लास्टिक ते विरघळवते.

ठसा तपकिरी होऊन वर आलेला असेल तर काहीही करू नये. माझ्या पाव आण्याला मी त्यानंतर हात लावलेला नाही.

घासूनपुसून लख्ख करण्याचा मोह

उघड्या हाताने होणारे सर्वांत मोठे नुकसान धरण्यात नसते, घासण्यात असते. भांडी घासायची पावडर, चिंच, लिंबू-मीठ, रिठे, दात घासायची पेस्ट यांतल्या प्रत्येकाने नाणे उजळते, आणि प्रत्येकाने ते बिघडते. इतवारीच्या सराफ्यात जुने रुपये मोडीच्या भावाने घेतले जातात त्यांत कित्येक असे असतात की जे घासले नसते तर संग्राहकाने चांदीच्या भावापेक्षा कितीतरी अधिक देऊन घेतले असते. १९११ च्या रुपयाचेच पाहा. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो, असा गवगवा होऊन त्याचे चित्र पुढच्या वर्षी बदलण्यात आले. त्या हत्तीची आखूड सोंड पाहण्यासाठीच लोक हा रुपया शोधतात. ती सोंड तांदळाच्या दाण्याहूनही लहान आहे. चिंचेने आणि नारळाच्या काथ्याने दोनदा घासल्यावर तिथे काय उरेल?

जुन्या तांब्याच्या नाण्यांवरील खाचांत बसलेला गडद राप तर वाचनाला मदतच करतो. शिवराईच्या एका बाजूवर ‘श्री राजा शिव’ आणि दुसरीवर ‘छत्र पति’ ही अक्षरे उठावाने दिसतात ती उंच भागावरच्या फिकट आणि खोलगट भागातल्या काळ्या रंगाच्या फरकामुळे. नागपूरकर भोसल्यांच्या काळात मोगल बादशहाच्या नावाने पाडलेल्या रुपयांची गोष्टही तीच. साचा मोठा आणि चकती लहान असल्याने त्यांवर मूळ फार्सी लेखाचा तुकडाच उतरलेला असतो, त्यात सराफांनी खरेपणा पाहण्यासाठी मारलेले ठसेही असतात. तेवढ्या तुकड्यावरून टाकसाळ ओळखायची तर खाचांतला प्रत्येक काळा कण मोलाचा असतो.

लक्ष्मीपूजनाचा प्रश्न नाजूक आहे. पुष्कळ घरांत राणीछाप रुपया दरवर्षी पंचामृताने न्हातो, हळदकुंकू लावून घेतो आणि पुसून पुन्हा डबीत जातो. दह्यातले आम्ल, मध, साखर आणि कुंकवाचा चुना हे सगळे त्याच्या खाचांत राहते. आमच्या घरच्या १८८० च्या दशकातल्या रुपयावर व्हिक्टोरियाच्या गळ्यातल्या माळेत आजीच्या हातचे कुंकू अजून आहे. तो रुपया मी संग्रहात घेतलेला नाही आणि तो स्वच्छही करत नाही. तो देवघरातलाच आहे. संग्रहातले नाणे पूजेला काढू नये आणि पूजेचे नाणे संग्रहासाठी धुऊ नये, एवढी वाटणी केली की घरात वाद होत नाही.

मातीतून निघालेली आणि शिशाची नाणी

विदर्भात शेत नांगरताना किंवा पाया खोदताना प्राचीन नाणी मिळाल्याची उदाहरणे आहेत. तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ साली सातवाहनांच्या पोटीन (तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रधातूच्या) नाण्यांचा मोठा साठा मिळाला आणि नागपूरचे इतिहासतज्ज्ञ वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनेक सातवाहन राजांची नावे त्या नाण्यांवरून पक्की झाली. असे काही हाती लागल्यास माती झाडू नये, नाणी एकमेकांपासून सोडवू नयेत, पाण्याने तर मुळीच धुऊ नयेत. मातीसकट सुक्या डब्यात ठेवावीत. १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेल्या ठेव्यांच्या) कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा साठा मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, जाणकारांचा सल्लाही घेता येतो.

जमिनीतून निघालेल्या तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी दिसली तर तो साधा कळंक नसतो. आत अडकलेले क्लोराइड ओल मिळताच धातू खात सुटते. असे नाणे इतरांपासून वेगळे करावे आणि सिलिका जेलसह बंद डबीत ठेवून संवर्धकाला, म्हणजे जुन्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवावे. घट्ट बसलेला, गुळगुळीत हिरवा थर निरुपद्रवी असतो आणि तो तसाच राहू द्यावा.

शिशाच्या नाण्यांवर पांढरी पूड धरते. ते शिशाचे कार्बोनेट असते, लाकडी खणातल्या आम्लाच्या वाफेने ते झपाट्याने वाढते, आणि ते पोटात गेल्यास विषारी आहे. अशी नाणी नायट्राइलच्या मोज्यांनीच धरावीत, ती पूड फुंकरीने उडवू नये, मुलांच्या हाती देऊ नये. काम संपल्यावर खाली अंथरलेला कागद घडी घालून टाकून द्यावा, मोजे उलटे करून काढावेत, आणि चहाचा कप हातात घेण्यापूर्वी हात पुन्हा साबणाने धुवावेत.